आगरवलीचा उसना बंब

सुशांत राणे आगरवलीत रुजू झाला त्या दिवशी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांनी त्याला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला, आणि बंब कुठे उभा करायचा तेवढं सांगायचं राहून गेलं.

आगरवली म्हणजे ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला वसलेलं जुनं गाव. मिठागरं बुजली, शेतं गेली, त्या जागी सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या आणि गावाला नगरपरिषद मिळाली. नगरपरिषदेने आधी स्वागतकमान बांधली, मग सेल्फी पॉइंट. अग्निशमन दल मात्र काही जमलं नाही. म्हणून शेजारच्या महापालिकेशी करार केला. बंब, त्यावरची माणसं आणि एक अधिकारी महापालिकेने पुरवायचा. बंबासाठी जागा आणि माणसांना बसायला खोली नगरपरिषदेने द्यायची. तो अधिकारी म्हणजे सुशांत. महापालिकेच्या मुख्य केंद्रातल्या साहेबांनी त्याला निवडलं, कारण तो ठाकुर्लीत राहत होता. "तुला घराजवळ पडेल," म्हणाले. दुसरं कुणीच तयार नव्हतं, हे त्याला नंतर कळलं.

दोन दिवस बंब स्वागतकमानीखाली उभा होता. लोक त्याच्यासोबतही सेल्फी काढत होते. शेवटी समाजमंदिरापुढच्या मैदानाची जागा ठरली. जागा खरंच चांगली होती. गावठाणातून नव्या इमारतींकडे जाणारा एकुलता एक रुंद रस्ता मैदानाला लागून जात होता. बाकी सगळ्या गल्ल्या रिक्षापुरत्या. समाजमंदिरातल्या एका खोलीत सुशांतने टेबल टाकलं, ड्रायव्हर रतनने बंब धुऊन पुसून उभा केला.

मग लग्नसराई सुरू झाली.

गावातली लग्नं याच मैदानात व्हायची. पहिल्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मांडववाला आला आणि म्हणाला, "साहेब, गाडी जरा बाहेर घ्या." सुशांतने घेतली. खाडीरोडला, गावाच्या तोंडाशी नेऊन लावली. लग्न झालं, परत आणली. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो वैतागला आणि साहेबांना फोन लावला.

"सर, हे लोक बंब टपरीसारखा इकडून तिकडे हलवायला लावतात. आम्ही आग विझवायला आलेलो की पार्किंग करायला?"

"सुशांत, गाव नवीन आहे. समन्वय साध."

"सर, समन्वय म्हणजे नक्की काय करू?"

"ते तू बघ," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

डिसेंबरात ठमाबाई भोईरांच्या नातवाचं, विकीचं लग्न निघालं. ठमाबाई म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. तरुणपणी मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई. आता तीन इमारतींची मालकीण. समाजमंदिराचं मैदान मूळचं तिच्याच घराचं, तिनेच ते गावाला दिलेलं. हळदीच्या दोन दिवस आधी ती स्वतः आली. हिरवी नववारी, हातात काठी. ती बंबाच्या चाकावर टेकवून उभी राहिली.

"आजी, या वेळी बंब नाही हलवता येणार," सुशांत म्हणाला.

"कला नाय येनार? चाकं हायेत ना त्याला?"

"चाकं आहेत, पण आग लागली तर निघायला रस्ता पाहिजे ना."

"आमचे गावान कंदी लागलीय आग?"

"लागली नाही म्हणून लागणारच नाही असं असतं का?"

"कसा बोलतोस रं तू! हलदीचे घरान आगीच्या गोष्टी करतोस?" ठमाबाईचा आवाज चढला. "ही जागा मी दिली. माजे नातवाची हलद हितं नाय त कुटं, तुज्या ठाकुर्लीन?"

सुशांत म्हणाला, हवं तर मुख्याधिकाऱ्यांना विचारा. तिने विचारलं नाही, सांगितलं. अर्ध्या तासात त्याचा फोन वाजला.

"राणेसाहेब, दोन दिवसांचा प्रश्न आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "लोकांच्या भावना असतात."

"सर, बंब खाडीरोडला लावला तर इमारतींकडे जायला मैदानालगतचा हाच एक रस्ता आहे. आणि मांडव रस्त्यापर्यंत येतो."

"मांडववाल्याला सांगू ना, रस्ता सोड म्हणून. सांगतो मी."

पाठोपाठ साहेबांचा फोन आला. ते काय बोलणार हे सुशांतला माहीत होतं, तरी त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग रतनला म्हणाला, "काढ बाबा गाडी." रतनने किल्ली घेतली. मांडववाल्याने रस्ता सोडायचं कबूल केलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे वाढले म्हणून रस्त्यापलीकडच्या भिंतीपर्यंत कापड ताणलं.

हळदीच्या दिवशी दुपारी खाडीदर्शन नावाच्या इमारतीत, तळमजल्यावर जिन्याखालच्या मीटर बॉक्सने पेट घेतला. रहिवाशांनी फोन लावला तो शेजारच्या शहरातल्या नियंत्रण कक्षात गेला, कारण करारात तसंच होतं. तिथल्या माणसाने विचारलं, "आगरवली म्हणजे कुठलं? शहापूरकडचं का?" हे सगळं निस्तरून खबर सुशांतपर्यंत पोचली, तेव्हा खाडीदर्शनचा धूर त्याला खाडीरोडवरून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

बंब सायरन वाजवत निघाला आणि मांडवापाशी येऊन थांबला. पुढे रस्ताच नव्हता. होता तो लाल गालिचा, खुर्च्या, झुंबरं आणि नाचणारी माणसं. डीजे इतका मोठा होता की सायरन त्यातलाच एक आवाज वाटला. दोन पोरं तर सायरनच्या ठेक्यावर हात वर करून नाचायला लागली. सुशांतने उतरून ओरडून पाहिलं. कुणाला ऐकू जाईना. तो सरळ डीजेवाल्यापाशी गेला आणि जाड वायर उपटून काढली.

एकदम शांत झालं. सगळ्या मांडवाची नजर त्याच्यावर आली.

"ए, कोण रे तू?" कुणीतरी खेकसलं. दोघे अंगावर धावून आले. "हळदीत मस्ती करतो काय?"

"आग लागलीये!" सुशांत किंचाळला. "किती वेळा सांगितलेलं तुम्हाला, रस्ता सोडा, रस्ता सोडा! खाडीदर्शन पेटलंय. जिन्यात धूर भरलाय. आता सांगा, बंब कुठून नेऊ? तुमच्या डोक्यावरून?"

पुढे बायकांमध्ये बसलेली ठमाबाई उठली. "खाडीदर्शन?"

"हो."

"तितं गंगू हाय." तिचा चेहरा उतरला. "चवथ्या माल्यावर. तिला चालता येत नाय रं."

गंगुबाई तिची मिठागरातली मैत्रीण. पाय गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली, म्हणून हळदीला आली नव्हती.

ठमाबाईने काठी वर केली. "इक्या! काय बगतोस? दोऱ्या काप! खांब काडा समदे!"

"आजी, अगं मांडव..." विकी अंगभर हळद लावलेला, पाटावरून अर्धवट उठलेला.

"मांडव गेला खाडीन! काप!"

विकी धावला. स्वयंपाकाकडून कुणीतरी कोयता आणला. हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनी माणसांनी दोऱ्या तोडल्या, बांबू उपसले, खुर्च्या भिरकावल्या. मटणाचा टोप रस्त्यात होता. चार बायकांनी पदर हाताला गुंडाळून तो कडेला ओढला. वरचं कापड फाटत खाली आलं. मांडववाला मधे आडवा येत होता, त्याला विकीच्या मामाने खांद्याला धरून बाजूला बसवलं. रतनने गालिच्यावरून बंब काढला तेव्हा एक झुंबर चाकाखाली गेलं, त्याचा चुरा झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

खाडीदर्शनच्या समोर वेळीच खाली उतरलेली माणसं भेदरून उभी होती. काही गच्चीवर पळाली होती, तिथून हाका मारत होती. सुशांतने आधी वीज तोडायला लावली, मग आग विझवायला घेतली. आग मोठी नव्हती. पण वायरींचा काळा, जहरी धूर जिन्यातून वर चढला होता. मास्क लावून सुशांत आणि एक जवान चौथ्या मजल्यावर गेले. दार आतून बंद होतं. ठोठावल्यावर एक बाई खोकत म्हणाली, "थांबा, टॉवेल काढते."

ती गंगुबाईची सून करिश्मा. दाराखालच्या फटीत तिने ओले टॉवेल कोंबले होते आणि सासूला चादरीवरून ओढत गॅलरीत नेलं होतं. दोघी जाळीला तोंड लावून बसल्या होत्या. सुशांतने गंगुबाईला उचललं. तिचं वजन काहीच नव्हतं. जवानाने करिश्माला आपला मास्क लावून धरून आणलं.

खाली येऊन श्वास सावरल्यावर करिश्मा सुशांतवर तुटून पडली.

"कुठे होतात तुम्ही? गावात बंब आहे ना? रोज दिसतो ना उभा? फोन करून करून माझा जीव गेला! सासूबाई मला म्हणत होत्या, तू जा, मला सोड. काय करणार होते मी?"

सुशांतने तोंड उघडलं. मांडव, मुख्याधिकारी, साहेब, समन्वय, सगळं ओठांवर आलं. पण त्या बाईच्या काळ्या पडलेल्या नाकपुड्या बघून त्याला त्यातलं काहीच बोलता येईना. "चुकलं," एवढंच म्हणाला. हे आपण का म्हणालो याचा त्याला संध्याकाळपर्यंत राग येत राहिला. बंब हलवायला नाही म्हणायचं होतं, ते तेव्हाच म्हणायला हवं होतं, हेही त्याच्या मनातून जाईना.

गंगुबाई आठवडाभर दवाखान्यात राहून घरी आली. विकीला आगीच्या दिवशीच संध्याकाळी घराच्या ओट्यावर हळद लावली, बिनमांडवाची, बिनडीजेची. लग्न ठरल्या वेळी लागलं.

सुशांतला वाटलं होतं की आता तरी कुणी शहाणं होईल. लग्नानंतरच्या सोमवारी नगरपरिषदेने त्याच्याकडे खुलासा मागितला की लग्नाच्या मांडवातून वाहन का नेलं. मांडववाल्याने तक्रार केली होती. त्याच दुपारी महापालिकेतून फोन आला की बंब नेमलेली जागा सोडून खाडीरोडला का उभा होता, याचा खुलासा द्या.

"सर, तुम्हीच सांगितलेलं ना?" सुशांत साहेबांना म्हणाला.

"मी समन्वय साध म्हणालो. बंब हलव असं म्हणालो का?"

सुशांतने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि खुलासा लिहायला कागद ओढला.

ही गोष्ट रतनने चहाच्या टपरीवर सांगितली आणि तिथून ती ठमाबाईकडे गेली. दुसऱ्या दिवशी ठमाबाई विकीला घेऊन नगरपरिषदेत हजर झाली. मुख्याधिकाऱ्यांनी सुशांतलाही बोलावलं होतं.

"बसा ना, आजी," मुख्याधिकारी म्हणाले.

"बसाला नाय आली. याला कला सतावता? मांडव मी तोडला. मना इचारा."

"आजी, तसं नाही. प्रशासकीय बाब आहे."

"ते काय असतं मना ठावं नाय. मी याला बंब हलव बोलली, तू फोन केलास, त्यानं हलवला. चूक माजी नि तुजी. त्याची काय?"

मुख्याधिकारी पेन उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, बंबासाठी पर्यायी जागेचा विचार चालू आहे, स्मशानाच्या मागे थोडी जागा आहे. सुशांतने कपाळाला हात लावला.

"मसनामागं नाय नि कुटं नाय," ठमाबाई म्हणाली. "मैदानान ऱ्हाईल. आथा तितं लग्न नाय व्हनार. कुनाचंच."

तिने ते खरं केलं. पुढच्या मुहूर्ताला तिचा सख्खा पुतण्या मांडव घालायला आला, तर ती बंबापुढे खुर्ची टाकून बसली. पुतण्याने तिच्याशी बोलणं टाकलं. लग्न शाळेच्या पटांगणात गेलं. त्यानंतर मुख्याध्यापक रोज सुशांतला गाठून म्हणायला लागले की मुलांच्या परीक्षा आहेत, तुमच्यामुळे आमच्याकडे डीजे येतो. दोन्ही खुलासे त्याने दिले. त्यांचं काय झालं ते कुणी कळवलं नाही.

उन्हाळ्यात नगरपरिषदेने महापालिकेशी केलेला करार पुढे वाढवला. साहेबांचा फोन आला. "सुशांत, तुझी मुदत संपली. मुख्य केंद्रात परत ये. तिथे दुसऱ्याला पाठवतो."

ज्या फोनची तो महिनोन् महिने वाट बघत होता तो हाच. बाहेर रतन बंबाखाली झोपलेल्या कुत्र्याला हाकलत होता. मुख्याध्यापक पुन्हा येताना दिसत होते.

"नको सर," तो म्हणाला. "राहू दे मला इथेच."

"का रे? आवडलं वाटतं गाव?"

"आवडलं कसलं! पण नवा माणूस आला की हे त्याला पहिल्या दिवशी शाल घालतील आणि दुसऱ्या दिवशी बंब बाहेर काढायला लावतील. परत सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा मीच बरा."

साहेब हसले. सुशांत हसला नाही. त्याने फोन ठेवला, शर्ट खोचला आणि मुख्याध्यापकांना सामोरा गेला.