चित्र स्थिर

खाली पडलेला स्क्रू उचलायला ती वाकली. टेबलाखाली हात फिरवून तो शोधला आणि उठता उठता तिने सहज समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ती नव्हती.

कॅमेरा तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि थेट तिच्याकडे रोखलेला होता. तिच्या पाठीमागे भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तक्ता होता. म्हणजे कॅमेऱ्याला आत्ता तिचं पोट, खांदे, गळ्यातलं ओळखपत्र असं सगळं दिसायला हवं होतं आणि तक्ता दिसायला नको होता. पडद्यावर मात्र तक्ताच होता, अख्खा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तिने हात वर केला. मग दोन्ही हात हलवले. तक्त्यावरच्या चौकटी जशाच्या तशा होत्या.

शेजारी जाड काचेच्या थंड पेटीत यंत्राचं काम चालू होतं. गाडीच्या मागच्या दाराची बिजागरी त्यात बसवलेली होती. ती उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, आणि तिच्यातून गेलेली केबल दर वेळी वाकून सरळ व्हायची. कॅमेऱ्यातलं चित्र याच केबलमधून पडद्यावर येत होतं. पडद्याखालच्या पट्टीवर हिरव्या अक्षरांत दोनच शब्द होते, चित्र स्थिर. गेले कित्येक आठवडे ते तिथे होते, आणि ते वाचून तिला दररोज बरं वाटायचं.

"मास्तर, इकडे या जरा."

मास्तर म्हणजे चाचणी विभागाचे प्रमुख. पास की नापास हा शेवटचा शब्द त्यांचा, म्हणून हे नाव पडलेलं. तिला ते तारामती म्हणत, कारण तारांपलीकडे तिला जग नाही असा त्यांचा लाडका आरोप होता. हातातला चहा न सांडता ते आले.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"तक्ता. अगदी स्वच्छ. दृष्ट काढावी लागेल तुमच्या केबलची."

"आणि मी कुठे आहे?" तिने पुन्हा दोन्ही हात वर केले.

मास्तरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कप टेबलावर ठेवला. मग पेटीतून बाहेर आलेलं केबलचं टोक चिमटीत धरून त्यांनी हळूच हलवलं. चित्र एकदम उडी मारल्यासारखं बदललं आणि दोन्ही हात वर करून उभी असलेली ती पडद्यावर आली. तिने हात खाली घेतले. पडद्यावरचे हात वरच राहिले.

"कधीपासून असं असेल?" तिने विचारलं.

"कसं कळणार? तक्ता थोडाच हलतो."

ही केबल तिने बनवली होती. पूर्वी गाडीतल्या तारेचं काम सोपं असे, दिवा लागला तर तार बरी, नाही लागला तर तुटली. आता गाडीला डोळे आले आणि डोळ्यांनी पाहिलेलं सगळं क्षणात पुढे पोचवणारी तार लागू लागली. केसांहून थोड्या जाड दोन तारा, त्यांचा पीळ, त्यावर वर्ख, वर्खावर जाळी, जाळीवर आवरण. पीळ जरा सैल पडला, वर्ख कुठे चिरला, की चित्र फाटतं. आणि ही नाजूक वस्तू नेमकी मागच्या दाराच्या बिजागरीतून जायची, जिथे माणसं दार आपटतात, सामान कोंबतात, उन्हातान्हात गाडी उभी करतात. ती टिकावी म्हणून तिने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

मध्यंतरी एक खोड निघाली होती. खूप वाकवल्यावर चित्र क्षणभर लुकलुकायचं. गाडीवाल्यांनी नाकं मुरडली, तेव्हा पडद्याच्या विभागाने एक तोडगा काढला. नवं चित्र आलं नाही तर पडद्याने आधीचंच दाखवत राहायचं. लुकलुक थांबली. किती वेळ दाखवत राहायचं, हे कुणी विचारलं नाही, आणि तीही त्या सगळ्यांतच होती. उलट त्या दिवशी तिने सगळ्या विभागाला चहा पाजला होता.

तारा तुटल्या होत्या आणि पडदा ते सांगत नव्हता. ते कळायला आज एक स्क्रू खाली पडावा लागला.

ती तिच्या विभागाच्या प्रमुखांकडे, सरांकडे, गेली तेव्हा ते निघण्याच्या तयारीत होते. शनिवार होता, अर्धा दिवस, आणि त्यांची बॅग टेबलावर बंद होऊन बसली होती. सर वाईट माणूस नव्हते. तिची केबल मोठ्या गाडीत जावी म्हणून ते वरिष्ठांशी भांडले होते, आणि पहिल्या गाड्या सवलतीत कारखान्यातल्या माणसांना मिळाल्या तेव्हा सगळ्यांत आधी स्वतः एक घेऊन मोकळे झाले होते. दुसरी तिच्या ताईच्या घरी गेली. तिच्याच शब्दावर.

सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"पेटीत थंडी किती ठेवलीय?"

तिने सांगितलं.

"एवढ्या थंडीत माणूस गाडी काढत नाही, गोधडी काढतो. थंडीने आवरण कडक झालं, तार तुटली. पेटीतली गोष्ट आहे ही, रस्त्यावरची नाही."

"पण सर, रस्त्यावर तसं झालं तर कळणार कसं?"

"माझी गाडी मी रोज चालवतो. चित्र आरशासारखं असतं. एकदासुद्धा लुकलुकलं नाही."

"लुकलुकत नाही हीच तर भीती आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना घाई होती, पण तसं दिसू द्यायचं नव्हतं.

"सोमवारी सकाळी बसू. पडद्याच्या लोकांनाही बोलावतो. तोवर कुठे बोलू नकोस. राईचा पर्वत व्हायला वेळ लागत नाही, आणि तो पर्वत तुझ्याच डोक्यावर येईल."

ती हो म्हणाली. जिना उतरता उतरता तिने ताईला फोन लावला. ताईने उचलला नाही. भावोजींना लावला. त्यांचा लागतच नव्हता. मग ती जिन्यावरून धावतच सुटली.

रिक्षात बसल्यावर तिला नको नको ते दिसू लागलं. भावोजींची मान आखडलेली, मागे वळून बघणं त्यांना जमत नसे. म्हणूनच तर त्यांनी ही गाडी घेतली होती. "मेहुणीबाईंनी आम्हाला पाठीला डोळे दिले," असं ते चारचौघांत सांगत. आणि ताईचा मुलगा तीन वर्षांचा. घरात असला की अंगणात पळायचा आणि अंगणात असला की फाटकाकडे. तिने रिक्षावाल्याला दोनदा घाई करायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आपला आवाज चिरकतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

ताईच्या घराचं फाटक ढकलून ती आत शिरली. गाडी अंगणात घराकडे तोंड करून उभी होती आणि चालू होती. गाडीच्या मागे कुणी नव्हतं. तिने वाकून चाकांखाली पाहिलं. तिथेही कुणी नव्हतं. तिला हुश्श झालं, इतकं की क्षणभर गाडीच्या पत्र्याला टेकावंसं वाटलं, पण पत्रा उन्हाने तापला होता. हाताला चटका बसला. ती पुढे गेली आणि तिने काचेवर टकटक केली.

भावोजींनी काच खाली घेतली.

"आलात का मेहुणीबाई. बरं झालं. आधी तुमच्या भाच्याला उचला. मघापासून मागे उभा राहिलाय, हॉर्न दिला तरी ढिम्म हलत नाही."

तिने मागे वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं.

"कुठे उभा आहे?"

"हा काय."

भावोजींनी पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यावर पोरगा फाटकापाशी उभा होता. एक हात फाटकाच्या गजावर, तोंड हसताना उघडलेलं, एक पाय उचललेला. त्याच्या मागचं फाटक बंद होतं. ती आत्ताच ते उघडून आली होती आणि उघडंच टाकून आली होती.

"भावोजी, गाडी बंद करा."

"अहो, पण..."

"बंद करा आधी."

त्यांनी गाडी बंद केली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताईचा आवाज आला. "कोण आलंय? अगं तू? आत ये की. हा बघ, जेवायला बसवलाय तर नुसता खेळतोय." पाठोपाठ पोराचा आवाज आला, पाणी हवं म्हणून.

भावोजींनी खिडकीकडे पाहिलं. मग काळ्या पडलेल्या पडद्याकडे पाहिलं.

"मग हा कोण होता?"

तिने त्यांना थोडक्यात सांगितलं. सांगताना तिला त्यांच्याकडे बघवेना. भावोजी एरवी कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेणारे. आताही त्यांनी तसा प्रयत्न केला.

"म्हणजे तुमच्या केबलनेच वाचवलं म्हणायचं. तो दिसत होता म्हणून मी थांबलो."

"तो दिसत असताना तुटली म्हणून थांबलात."

"आणि तो आत असताना तुटली असती, अंगण रिकामं असताना, आणि मग तो..."

भावोजी गाडीतून उतरले, घरात गेले आणि पोराला ताटावरून उचलून त्याच्या उष्ट्या तोंडासकट छातीशी धरून उभे राहिले. ताई काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली.

ती अंगणातच थांबली. चटका बसलेला तळहात तिने ओढणीने पुसला. कडक ऊन पडलं होतं, थंडीचं नावसुद्धा नव्हतं. आवरण कडक होण्याचा प्रश्नच नव्हता, तरी तार तुटली होती. पेटीतली गोष्ट रस्त्यावर आली होती. कदाचित ती बरेच दिवस रस्त्यावरच असेल. सरांच्या गाडीतलं चित्र एकदाही लुकलुकलं नव्हतं. आरशासारखं असतं, म्हणाले होते.

तिने सरांचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला. वहिनी होत्या, सरांच्या पत्नी.

"वहिनी, सर आहेत?"

"आहेत ना. आत्ताच गाडी काढायला गेलेत. मला बहिणीकडे सोडतो म्हणाले, कधी नव्हे ते. सूर्य कुठे उगवला म्हणायचं."

"वहिनी, त्यांना थांबवा. गाडी मागे घेऊ नका म्हणून सांगा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, काय झालं एवढं?"

"नंतर सांगते. आधी त्यांना थांबवा."

"बरं बरं, घाबरू नकोस अशी. काचा लावून बसले की हाका मारून घसा बसतो माझा, ऐकू म्हणून येत नाही. पण मला युक्ती माहितेय. मी सरळ मागे जाऊन उभी राहते. पडद्यावर दिसले की थांबतात. रोजचंच आहे आमचं."

"नको, वहिनी, मागे जाऊ नका, ऐका माझं..."

"थांब हं, फोन इथेच ठेवते. चार्जरची वायर तोकडी आहे मेली."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. ती ओरडली. वहिनी, वहिनी म्हणून घशाच्या शिरा ताणून ओरडली, तेव्हा ताई दारात आली आणि तिला बघून तिथेच थबकली. फोनमध्ये चपलांचा आवाज दूर दूर गेला. कडी निघाली. दार उघडलं तसा बाहेरचा आवाज आत आला, गाडी मागे येताना वाजते ती टिंग टिंग, एका लयीत, बारीक.

ती फोन कानावर दाबून उभी राहिली. टिंग टिंग थोडा वेळ चालू राहिली, मग थांबली.

ती परत येणाऱ्या चपलांची वाट बघू लागली.