बोरपाड्याच्या फाईलला लागलेलं भूत

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास सावरखिंडच्या ग्रामपंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. चार खुर्च्यांच्या खोलीत साठ-सत्तर माणसं, दोन कोंबडे आणि मधोमध टेबलावर हळदकुंकू लावलेला कॉम्प्युटर. मॉनिटरला झेंडूचा हार, माउसच्या वायरीला लिंबूमिरची. की-बोर्डवर इतका अंगारा पडला होता की कुठलंही बटण दाबलं तरी करकर आवाज येई.

जगन बुवा चाकाच्या खुर्चीत मांडी घालून बसले होते. मंत्राचा जोर वाढला की खुर्ची मागे सरके आणि सरपंच कमळू ती दोन्ही हातांनी पुन्हा पुढे लोटत.

"बघा रे नीट," बुवा म्हणाले. "बोरपाड्याची फाईल दिसते का?"

"दिसते," गर्दी म्हणाली.

"उघड गो पोरी."

ऑपरेटर कुणालीने प्रोग्रॅम चालवला आणि बोरपाडा निवडला. पडद्यावर ओळ उमटली: फाईल सापडली नाही.

"डोळ्याला दिसते, यंत्राला नाय," बुवा म्हणाले. "म्हंजे फाईलचं शरीर इथं हाय, जीव कोनीतरी काढून न्हेला. याला मायाफोल्डर म्हनतात. पुस्तकात नाय सापडायचं तुमाला."

मग त्यांनी झोळीतून लाल दोऱ्यात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला, कोंबड्याच्या डोक्यावरून तीनदा ओवाळला आणि मशीनला लावला. "ओम फट् कंट्रोल सी," ते डोळे मिटून म्हणाले, आणि बोटांनीही तेच केलं. "ओम फट् कंट्रोल व्ही." प्रोग्रॅम आणि सगळ्या याद्या पेनड्राइव्हवर उतरल्या. तिथून प्रोग्रॅम चालवला, आणि बोरपाड्याची यादी सुरसुरत उघडली. प्रिंटरमधून टँकरची चिठ्ठी बाहेर आली. लोकांनी हात जोडले. एकाने प्रिंटरलाही नमस्कार केला.

दाराशी उभे असलेले भगीरथ गुरुजी मात्र खाली मान घालून चपला शोधू लागले.

कारण हा प्रोग्रॅम त्यांचा होता. शहापूरच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवला, तोही पास्कल या जुन्या भाषेत. निवृत्त झाल्यावर गावासाठी त्यांनी पास्कलमध्येच हे लिहून दिलं: उन्हाळ्यात कुठल्या पाड्याच्या विहिरीत कुठल्या दिवशी टँकर रिकामा करायचा, किती घरं, किती पाणी. तानसाचं धरण डोंगरापलीकडे, पण त्याचं पाणी मुंबईला जातं. सावरखिंडला चिठ्ठी लागते. आणि मशीनची छापील चिठ्ठी असल्याशिवाय टँकर सोडायचा नाही, असा ग्रामसेवकांचा नियम.

एप्रिलमध्ये जुना कॉम्प्युटर बंद पडला. कुठल्याशा संस्थेने नवा दिला, त्यात विंडोजऐवजी फुकटात मिळणारी दुसरी सिस्टीम होती. कुणालीने जुन्या याद्या त्यावर चढवल्या, सगळं नीट चाललं. दोन दिवसांनी बोरपाड्याची ठकीबाई आपलं घर यादीत घालायला आली. साठीची विधवा, मोहाची फुलं नि करवंदं विकून राहणारी. कुणालीने तिच्या पाड्याची यादी नव्याने टाइप केली. ठकीबाईने वाकून पडद्याकडे पाहिलं, "माझं नाव यात गेलं का गो?" असं विचारलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी बोरपाड्याची फाईल उघडेना.

एवढंच झालं होतं. पण दोन आठवडे बोरपाड्याला टँकर गेला नाही, आणि लोकांना कारण हवं होतं. सरपंचांनी मुरबाडकडून जगन बुवांना आणलं, आणि बुवांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बिघडायच्या आधी यंत्रात कोन डोकावलं होतं?"

लोकांनी गुरुजींनाही विचारलं. "तुमी तर भूत मानत नाय. मग सांगा, फाईल समोर असून का उघडत नाय?" गुरुजींनी तीनशे ओळींचा प्रोग्रॅम तीनदा वाचला. स्पेलिंग अक्षर अक्षर लावून पाहिलं. चूक कुठेच नव्हती. भर सभेत ते गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ गावाने आपापल्या परीने लावला. त्याच संध्याकाळी पाड्यावरच्या बायकांनी ठकीबाईचा हंडा विहिरीवरून बाजूला काढून ठेवला.

आज चिठ्ठी फाडून देताना बुवा म्हणाले, "ही तात्पुरती सोय. पेनड्राइव्ह माझ्याबरोबर जानार, दर मंगळवारी यावं लागंल. न भारलेला कोनी लावला तर बाकीच्या पाड्यांच्या फायलीबी जातील. कायमचं बरं व्हायचं तर एकच उपाय. अमावास्येच्या आत त्या बाईला पाड्याबाहेर काढा."

अमावास्या नऊ दिवसांवर होती.

गुरुजी दुपारी बोरपाड्याला चालत गेले. पिशवीत प्रोग्रॅमची छापील पानं होती आणि मशीनवरच्या फायलींच्या नावांचा एक कागद. हल्ली ते दोन्ही त्यांच्याबरोबरच असत. ठकीबाई ओहळातल्या खड्ड्यातून वाटीवाटीने गढूळ पाणी भरून नुकतीच परतली होती.

"ठकीबाई, थोडे दिवस आमच्या घरी चला," गुरुजी म्हणाले. "माझी बायको आहे, सोबत होईल."

"मी गेले तर ते म्हनतील, बघा, पळाली," ती म्हणाली. "नाय येत. त्या पिशवीत काय हाय?"

"ज्याच्यावरून हे सगळं झालं ते." त्यांनी कागद ओटीवर मांडले. "ही फायलींची नावं. हा तुमचा पाडा. आणि प्रोग्रॅममध्ये हा, इथे."

ठकीबाईने दोन्ही कागद शेजारी ओढले. एका नावावर नख ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"मग हे येगळे का?"

"वेगळे नाहीत. दोन्हीकडे बोरपाडाच लिहिलंय."

"तुमाला वाचता येतं म्हनून तुमाला एक दिसत असंल. मी नुसतं बघते. ह्याला दोन पोटं हायेत, ह्याला एकच."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. फाईलच्या इंग्रजी नावातला पहिला बी कॅपिटल होता. प्रोग्रॅममधला स्मॉल. कुणालीने नवी यादी टाइप करताना, गावाचं नाव आहे म्हणून, नीट शाळेत शिकवल्यासारखं पहिलं अक्षर मोठं केलं होतं. बाकी पाड्यांची नावं त्यांनी स्वतः जुन्या काळी सगळी लहान अक्षरांत लिहिली होती.

वीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते की पास्कलला लहान-मोठं सगळं सारखंच. पास्कलच्या शब्दांपुरतं ते खरं होतं, आणि जुन्या मशीनवर फायलींच्या नावांनाही चालून गेलं. म्हणून त्यांची नजर त्या अक्षरावरून रोज घसरत होती. हे नवं मशीन मात्र वाचत नव्हतं, ठकीबाईसारखं नुसतं बघत होतं. आणि त्याला दोन पोटांचा आणि एका पोटाचा असे दोन वेगळे पाडे दिसत होते.

गुरुजींनी कागद गोळा केले. आनंद झाला होता, पण त्याहून मोठी लाज वाटत होती.

त्यांनी कुणालीला तेवढं सांगितलं आणि मंगळवारची वाट पाहिली. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर बुवांच्याच मंत्राला श्रेय गेलं असतं.

पुढच्या मंगळवारी गर्दी आणखी मोठी होती. बुवा खुर्चीत चढणार तोच गुरुजी पुढे झाले.

"आधी मला बोलायचंय. फाईल उघडत नव्हती ती माझ्या चुकीने. प्रोग्रॅम लिहिताना मी एक गोष्ट धरून चाललो होतो, ती या मशीनला लागू नाही."

"गुरुजी, भूत दुखावलं तर मी जबाबदार नाय," बुवा म्हणाले.

"तुमचं भूत तुमच्या पेनड्राइव्हला भितं, बरोबर? कुणाली, तुझा आहे का गं एखादा?"

कुणालीने पर्समधून आपला पेनड्राइव्ह काढला. त्यात हळदीची गाणी होती. दोरा नाही, अंगारा नाही. तिने प्रोग्रॅम आणि याद्या त्यावर उतरवल्या, मंत्र न म्हणता. बोरपाड्याची यादी उघडली. खोलीत कुजबुज झाली. बाकीच्या पाड्यांच्या फायलीही जागच्या जागी होत्या.

"आता पेनड्राइव्हशिवाय," गुरुजी म्हणाले. कुणालीने मशीनमधल्या फाईलच्या नावातलं पहिलं अक्षर लहान केलं. यादी उघडली आणि चिठ्ठी निघाली.

"योगायोग हाय," बुवा म्हणाले.

"मग भूत तुम्ही सांगाल त्या पाड्याला लावून दाखवतो. सरपंच, तुमचा कुठला?"

"उंबरपाडा," कमळू बोलून गेले आणि लगेच घाबरले.

कुणालीने उंबरपाड्याचं पहिलं अक्षर मोठं केलं. फाईल सापडली नाही. "काढा, काढा ते," सरपंच म्हणाले. कुणालीने अक्षर लहान केलं, भूत गेलं. मग खोलीत वेगळीच गंमत सुरू झाली. "आमच्या चिंचपाड्याला लाव बघू गो." "आता आमचं काढ." पाच मिनिटांत गावातल्या सगळ्या पाड्यांना भूत लागून उतरलं, तेही कोंबडा न कापता.

"पेनड्राइव्हवर फायली ठेवायची पद्धत जुनी असते," गुरुजींनी समजावलं. "तिथे नाव शोधताना मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकच धरतात. या मशीनमध्ये तसं धरत नाहीत. बुवांच्या पेनड्राइव्हमध्ये शक्ती नव्हती, फक्त तो हुज्जत घालत नव्हता."

कुणालीने बुवांनी टेबलावर ठेवलेला पेनड्राइव्ह उचलून त्याचा लाल दोरा उलगडला. आत मुरबाडच्या एका कॉम्प्युटर दुकानाचं स्टिकर होतं.

"तिथं काम करायचात का तुमी?" तिने विचारलं.

बुवांनी झोळीचा बंद आवळला. "तीन वर्षं. गिऱ्हाइकांचा असाच घोळ व्हायचा. शेठ पेनड्राइव्ह लावून भागवायचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," गुरुजी म्हणाले. "माहीत असून तुम्ही एका बाईला गावाबाहेर काढायला सांगितलंत. यासाठी कायदा आहे, बुवा. मी शहापूरला पोलिसांत तक्रार लिहून दिली आहे."

बुवा दोन्ही कोंबडे तिथेच सोडून निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही, कोणी नमस्कारही केला नाही.

ठकीबाई दाराशी उभी होती. गुरुजींनी तिला आत बोलावलं. "चूक सापडली ती यांना," ते सगळ्यांना म्हणाले. "मला नाही."

ठकीबाईने पाड्यावरच्या बायकांकडे पाहिलं. "गुरुजींची चूक कळली, पोरीची कळली, यंत्राचीबी कळली," ती म्हणाली. "माजी कोनती होती?"

मग तिचा हंडा ज्या बाईने बाजूला काढला होता ती, बाईजा, पुढे आली आणि हळूच म्हणाली, "चल, टँकर निघंल आता. पहिला हंडा तुजा."

"पहिला नको. माज्या रांगेतला दे," ठकीबाई म्हणाली आणि तिच्याबरोबर बाहेर पडली.

खोली रिकामी होत असताना गुरुजी सरपंचांना म्हणाले, "कमळू, एखादी गोष्ट का घडते ते कळत नसेल, तर 'माहीत नाही' म्हणायला शिका. मीही त्या सभेत तेवढंच म्हणायला हवं होतं: माहीत नाही, शोधतो. आपण गप्प राहिलो की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे कोणीतरी एखाद्या माणसाचं नाव लिहितं."