काळमेघ वकिलांकडे राहिलेला कागद

प्रणालीने कपाटातला तिसरा गठ्ठा खाली ओढला आणि देवीदासला सटासट चार शिंका आल्या.

"बसा ना काका," ती म्हणाली. "बाबांनी कधी कोणाचा कागद फेकला नाही. सापडेल."

देवीदास बसला, पण खुर्चीच्या काठावर. अमरावतीच्या याच ऑफिसात त्याने घराचं खरेदीखत वाचून घेतलं होतं, पोराच्या दाखल्यातलं नाव दुरुस्त करून घेतलं होतं. काळमेघ वकील आधी चहा पाजत आणि मग कायदा सांगत. काय माणूस होता! आता ते गेले, ऑफिस बंद होत होतं, आणि पक्षकारांनी आपापले कागद घेऊन जावेत अशी प्रणालीच्या नावाने जाहिरात चार दिवसांपूर्वी पेपरात आली होती.

बावीस वर्षांपूर्वी त्याने इथेच घटस्फोटाच्या अर्जावर सही केली होती. अकोल्यात बोभाटा नको म्हणून एवढ्या लांब आला होता. अर्ज बाजूला ठेवत वकीलसाहेब म्हणाले होते, "एक कागद कमी हाय, देवीदास. दिवाळी होऊ दे, मंग पाहू." दिवाळीनंतर त्या अर्जासाठी तो फिरकलाच नाही, इतर कामांना मात्र येत राहिला. भांडण कशावरून पेटलं होतं हेही आता धड आठवत नव्हतं. पण आपण मन मोठं केलं, संसार आपण वाचवला, हे मात्र तो मनातल्या मनात गोंजारत आला होता. जमुनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कागद आता तिच्या हाती लागला असता, तर या वयात तिला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"हं, इंगोले, अकोला." प्रणालीने फाइल उघडली. "घटस्फोटाचा अर्ज. जमुनाबाईंचा ना?"

"नाही वो. माहा. देवीदासचा."

प्रणालीने पान उलटलं. खाली आणखी एक अर्ज होता. तिने चटकन फाइल मिटली.

"चुकलं माझं, काका. मी हे बोलायला नको होतं."

देवीदासला उमगायला जरा वेळ लागला. मग हसावं की रडावं ते त्याला कळेना.

"तिलेबी कागद कमी हाय म्हणले असन वकीलसाहेब," तो म्हणाला. "माहा तेवढा द्या. तिचा तिलेच द्या."

परतीच्या एसटीत त्याला ती दिवाळी आठवत राहिली. त्याच्या खाकी शर्टाची तुटलेली बटणं जमुनाने एका शब्दानेही न बोलता लावून ठेवली होती. तेव्हा त्याला तो तिचा ताठा वाटला होता. म्हणजे तीही राहिली होती, आणि तिनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिला कधी एकदा बघतो असंही झालं.

घरी जमुना पोळ्या लाटत होती.

"मले उद्या अमरावतीले जा लागते," ती मान वर न करता म्हणाली. "मामेबहिणीले बरं नाही."

मामेबहीण चांगली ठणठणीत होती. परवाच फोनवर खिदळत होती. देवीदासने सावकाश हातपाय धुतले.

"जाय. पण एकच्या आत पोच," तो म्हणाला. "मंग प्रणालीबाई जेवाले जाते."

लाटणं थांबलं. तव्यावरची करपायला लागलेली पोळी जमुनाने उतरवली.

"तुमीबी चाला मंग संगं," ती म्हणाली.