आधी पेटी

पोपटने खिशातून सुतळी काढली, तिचं एक टोक काळ्या पेटीच्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं टोक ताणून पेटीच्या मागे वाकून पाहिलं. सुतळीला तीन गाठी मारलेल्या होत्या, लांबीची, रुंदीची आणि उंचीची. पेटी तिन्ही गाठींच्या आत बसली तसा तो खूश होऊन उभा राहिला.

"काका, टेप देऊ का?" हाशिमने काउंटरमागून विचारलं.

"नको. तुझ्या टेपला आमच्या कारखान्यातली जागा म्हाईत नाय."

हाशिम हसला. दहा वर्षं आखातात, दोह्यात कंपन्यांचे कंप्युटर दुरुस्त करून तो रोह्याला परतला होता आणि बाजारपेठेत हे दुकान टाकून बसला होता. सुट्टे भाग आणून, गिऱ्हाइकाच्या समोर जोडून द्यायचे, ही त्याची पद्धत. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची, पण सुतळी घेऊन आलेलं हे पहिलंच.

"पण काका, कॅबिनेट शेवटी घेतात. आधी काम काय ते बघायचं, त्याप्रमाणे आतला माल निवडायचा, आणि तो मावेल अशी पेटी सगळ्यात शेवटी. तुमच्या समीक्षाला येऊ द्या. तीनपर्यंत सुटेल तिची शिफ्ट."

"तुमच्यात शेवटी घेत असतील. आमच्यात पाट आधी येतो," पोपट म्हणाला.

त्याला हे एवढं उघड वाटत होतं, की त्यावर आणखी काय समजावून सांगायचं हेच कळेना. हमरापूरला त्याचा गणपतीचा कारखाना होता, आणि जुनी घरं अजून आपापला पाट घेऊन येत. घरात मखराची जागा ठरलेली, जागेला पाट ठरलेला. पाट आला की पोपट त्याला कुंकू लावून ठेवून घ्यायचा, आणि मग त्या पाटाला शोभेल एवढी मूर्ती. कुंकू लावलेला पाट कधी रिकामा परत गेला नाही, याचा त्याला अभिमान होता. कंप्युटर झाला म्हणून काय झालं? आधी जागा, मग पेटी, मग पेटीत मावेल तेवढी करामत.

जागा तर त्याने महिन्याभरापूर्वीच केली होती. खिडकीजवळच्या दोन फळ्यांमधले जुने साचे हलवले, भिंतीला चुना मारला, विजेचं बटण बसवून घेतलं. समीक्षा, त्याची एकुलती एक मुलगी, दोन वर्षं रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत शिफ्ट करत होती. सकाळी अंधारात निघायची ती कधी संध्याकाळी उगवायची. दिवाळीच्या आधी ती एकदा जेवताना म्हणाली होती, "बाबा, मला चांगला कंप्युटर घ्यायचाय. घरी बसून काम करता येईल." हमरापुरात घरी बसून करायचं काम एकच, गणपतीचं; आणि हल्ली मूर्तीचे नमुने कंप्युटरवर करतात, हे पोपटच्या कानावर होतं. त्याने पुढचं काही विचारलंच नाही. त्या रात्री तो बायकोला, सरूला म्हणाला, "कारखान्याला मानूस मिळाला गो," आणि दुसऱ्या दिवशी साचे हलवायला घेतले.

आज तो समीक्षाच्या आधी दीड तास येऊन बसला होता, तो याच उत्साहात. त्याने पेटीचे पैसे दिले, सरूने कागदात बांधून दिलेली कुंकवाची पुडी काढली आणि पेटीच्या कपाळावर एक बोट टेकवलं. हाशिमकडे बघून जरा ओशाळला.

"चालंल ना रे?"

"चालेल की. मी पण बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय स्क्रू लावत नाय."

समीक्षा आली ती कंपनीच्या निळ्या शर्टातच, खांद्याला सॅक. दारातूनच तिला पेटी दिसली.

"घेतली पण?"

"जागेत बरोब्बर बसते," पोपट म्हणाला. "सुतळी लावून बघितली."

ती काहीतरी बोलणार होती. पण कुंकवाकडे तिची नजर गेली. सॅक खाली ठेवून तिने मोबाइलमध्ये लिहिलेली यादी हाशिमला दाखवली. मग काउंटरवर एकेक खोकं यायला लागलं, आणि पोपट पेटी विसरला.

असलं काही त्याने जन्मात बघितलं नव्हतं. पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन, आणि हाशिम म्हणे हाच सगळा हिशेब करणार.

"एवढासा?"

"एवढासाच. आणि याला घाम येतो, म्हणून डोक्यावर पंखा."

"आनि ही पट्टी?"

"ही रॅम," समीक्षा म्हणाली. "म्हणजे असं बघा, आपण रंग द्यायला बसतो तेव्हा पुढ्यात जेवढं मांडून ठेवतो तेवढी जागा. माळ्यावर कितीपण सामान असलं तरी पुढ्यात जागा नसली की काम अडतं."

"मंग ती मोठी घे."

"रॅमचे भाव चढलेत, काका," हाशिम म्हणाला. "आता एक पट्टी घ्या. शेजारची खाच मोकळी राहील, पुढं कधी दुसरी टाकता येईल."

समीक्षाने साठवलेल्या पगारात पोपटने आपले थोडे घातले होते, आणि त्याच्या पलीकडे जायचं नाही हे बापलेकीचं ठरलं होतं. त्यामुळे एक वस्तू वर गेली की दुसरी खाली आणायची, अशी ओढाताण चालली होती. पोपटला त्यातही मजा वाटायला लागली. तो प्रत्येक वस्तू तळहातावर घेऊन वजन बघत होता, उलटी करत होता, वास घेत होता. हिरव्या पाटीवरच्या सोनेरी रेघा तर त्याने चष्मा कपाळावर चढवून, अगदी नाकाशी धरून पाहिल्या. कुणाच्या हातच्या असतील एवढ्या बारीक, असं त्याने विचारलं. मशिनच्या, असं कळल्यावर थोडा हिरमुसला.

शेवटी हाशिमने लांबोडकं, दोन पंख्यांचं एक धूड काढलं.

"हे ग्राफिक्स कार्ड. चित्र उभं करायचं काम याचं. समीक्षाने हेच सांगून ठेवलं होतं."

त्याने ते पेटीत उतरवून पाहिलं. कार्ड आत गेलं आणि पूर्ण बसायच्या दोन बोटं आधी अडलं. तिरकं करून पाहिलं, तरी अडलंच. पेटीच्या पुढच्या बाजूचा पत्रा आड येत होता.

पोपटने वाकून आत पाहिलं. मग विचारलं, "याच्यापेक्षा छोटं नसतं?"

"असतं. स्वस्त पण पडेल." हाशिमने एक आखूड कार्ड काढून शेजारी ठेवलं. "काम काय करायचं त्याच्यावर आहे, काका. मूर्तीचा नमुना करायचा, फिरवून बघायचा, एवढंच असलं तर हे भरपूर झालं. खरं म्हणजे मग सुरुवातीला कार्डच नको."

"बघ!" पोपटला हायसं वाटलं. "आपल्याला गनपतीच करायचेत. छोटं घे, पैसे वाचतील, त्यात दुसरी पट्टी घे."

समीक्षा आखूड कार्डाकडे बघत राहिली.

"याच्यावर केस नाय होणार," ती म्हणाली.

"गनपतीला कसले केस?"

तिने मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि पोपटच्या हातात दिला.

पडद्यावर एक कोल्हा होता. मान वळवून मागे बघणारा, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला. पोपटने मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब, कच्ची मूर्ती बघताना करायचा तसं. पाठीवरची लव वाऱ्याने एका अंगाला झोपली होती. कानाच्या आतले केस विरळ होते आणि त्यातून उजेड येत होता. माणसाची चाहूल लागलेला, पळावं की थांबावं ते न ठरलेला कोल्हा. पोपटने तो बांधावर शंभरदा पाहिला होता.

"कुनी बनवला?"

"मी. क्लासच्या मशिनवर. शिफ्ट सुटल्यावर जायची."

पोपटला आधी आनंदच झाला. चाळीस वर्षं माती हाताळणाऱ्या माणसाला होतो तसा, निव्वळ कामाचा आनंद. मग त्याला खिडकीजवळ रिकाम्या करून ठेवलेल्या दोन फळ्या आठवल्या.

"कार्टूनच्या सिनेमात जनावरं लागतात, ती बनवनारी कंपनी हाय," समीक्षा खाली बघून बोलत होती. "हा कोल्हा त्यांना पाठवला होता. आवडला. सहा महिने घरून काम देतायत. जमलं तर मग पुण्याला बोलावतील."

"आनि कारखाना?"

"सीझनला येईन ना, बाबा."

सीझनला येईन म्हणजे काय, ते पोपटला ठाऊक होतं. हमरापुरातली अर्धी पोरं सीझनला येत. पहिल्या वर्षी महिनाभर, मग आठ दिवस, मग विसर्जनापुरती.

हाशिम स्क्रूड्रायव्हर शोधायला आतल्या खोलीत गेला. तो त्याच्या वरच्या खिशातच होता.

"आधी सांगितलं का नाय गो?"

"सांगनार होते. तर तुमी साचे हलवायला घेतलेत. भिंतीला चुना मारलात. आई म्हणाली, बाबा किती वर्षांनी गुणगुणतायत. मग मला सांगवेना."

पोपट उठला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. समोर भाजीवाली मुळ्यांवर पाणी शिंपडत होती. एक रिक्षा उलटी घ्यायला जागा मिळत नव्हती म्हणून भोंगा वाजवत होती. त्याला राग येत होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पोरीने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिने अर्धंच वाक्य बोलून ठेवलं होतं, बाकीचं अर्धं त्याने आपल्या सोयीने पुरं करून घेतलं होतं. छोटं कार्ड घेतलं तर गोष्ट इथेच मिटत होती. पोरगी हट्ट करणार नाही, हेही त्याला दिसत होतं. तेच त्याला सोसवेना.

तो आत आला. आखूड कार्ड उचलून त्याने हातात तोललं.

"याच्यावर तुझा कोल्हा नायच होनार?"

"होईल. केस कमी करावे लागतील."

"केस कमी केले तर तो कोल्हा कसला? भटका कुत्रा होईल." त्याने कार्ड ठेवून दिलं. "हाशिमभाय, ये बाहेर. सापडला असंल आता तुझा स्क्रूड्रायव्हर."

हाशिम आला. पोपटने पेटी जवळ ओढली आणि शर्टाच्या टोकाने कुंकू पुसायला लागला. एका फटक्यात पुसलं जाईना, लालसर डाग राहिला, म्हणून बोट ओलं करून पुन्हा घासलं. हे करताना त्याला बरं वाटत नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"राहू द्या काका, मी पुसतो," हाशिम म्हणाला.

"नको. लावलं मी, पुसतो पन मीच. ही परत घे आनि मोठी काढ. ते लांबडं नीट झोपलं पायजे आत."

"बाबा, ती फळ्यांमधे मावायची नाय," समीक्षा म्हणाली.

"तुझ्या खोलीत ठेव."

"पन बजेट..."

"ते बघू. हाशिमभाय, या धुडाला वीज पन जास्त लागत असंल ना?"

लागणार होती. मोठी पेटी, लांब कार्ड आणि त्याला पुरेल असा वीजपुरवठ्याचा डबा म्हटल्यावर नवा पडदा परवडेना. हाशिमने बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आणलेला जुना पडदा पुसून चालू करून दाखवला. कडेला एक ओरखडा होता, पण रंग ठीक होते. समीक्षाने मान डोलावली. दुसऱ्या पट्टीचं पुढे कधीतरी बघायचं ठरलं. मग हाशिम जोडणीला बसला, आणि कधी नव्हे तो पोपट एकही प्रश्न न विचारता बघत राहिला.

परतीच्या एसटीत मोठं खोकं दोघांच्या गुडघ्यांवर आडवं होतं आणि पडदा समीक्षाच्या पायांशी. नागोठणं मागे पडलं, गडब आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात कापून झालेली शेतं पिवळी पडली होती. पोपटने खिडकीबाहेरून नजर काढली. मग म्हणाला, "दाखव तो पुन्हा."

समीक्षाने मोबाइल दिला. त्याने कोल्ह्याच्या उचललेल्या पायावर बोट ठेवलं.

"याला चालता येतं?"

"अजून नाय. आता शिकवीन. आधी आत हाडं घालायची, मग ती हलवायची."

"आत हाडं?" पोपट तिच्याकडे वळला. "खरी, सांध्यासकट?"

"व्हय. सगळे सांधे."

"आमचं सगळं आतून पोकळ," तो म्हणाला. चाळीस वर्षांत आपण एकही मूर्ती चालताना केली नाही, असं त्याच्या मनात आलं. त्याने पुन्हा त्या पायाकडे पाहिलं. "हा पाय टाकला की मागचा कुठला उचलतो? याच बाजूचा, का दुसऱ्या?"

समीक्षाने दोन बोटं खोक्यावर पायांसारखी चालवून पाहिली.

"म्हाईत नाय," ती म्हणाली. "व्हिडिओ बघावा लागंल."

"व्हिडिओ कशाला? उजाडताना खाडीकडच्या बांधावर येतात. खेकडे उकरत असतात. वाऱ्याच्या उलट्या अंगाला गप बसलं, की हाकेच्या अंतरावरून जातात."

"उद्या जायचं?"

"उद्या जाऊ," पोपट म्हणाला. एसटी खड्ड्यात आदळली तसं त्याने खोकं दोन्ही हातांनी सावरलं. "परवा पन जाऊ. तू हायस तवर रोज जाऊ."