वरचा बाक

"चिमटा घेतला. दुखलं?" सिझेरियनच्या टेबलावरच्या पिल्वीला भूल चढली का ते बघायला मी विचारलं.

"चालतंय की," पिल्वी म्हणाली.

हे "चालतंय" ऐकलं की माझं डोकं फिरतं. आम्हा फिनलंडच्या माणसांना हाड मोडलं तरी चालतंच. एकोणीस वर्षांपूर्वी, माझ्या लेकीच्या वेळी, मीही टेबलावर हेच म्हणाले होते आणि त्यांनी पोट कापलं. सुरी कुठून कुठे गेली ते मी आजही सांगू शकते. पण कुणालाच सांगितलेलं नाही. पुढे भूल द्यायला मात्र शिकले.

"ती ठीक म्हणतेय ना?" चिमटा घेणाऱ्या रेइमाने, आमच्या सर्जनने, सुरी मागितली. "बाळाचे ठोके मंदावतायत. सुरू करतो."

"थांब."

"किती? कॉफीच्या सुट्टीपर्यंत?"

पिल्वीचा नवरा आत्सो अभिमानाने म्हणाला, "तिची काळजी सोडा. पाय मुरगळलेला असताना वीस किलोमीटर स्कीवर आली होती ही."

याला बाहेर हाकलावंसं वाटलं. पूर्ण झोपवलं तर बाळाचं पहिलं रडणं ती ऐकणार नाही. थांबलो तर ठोके. आणि पिल्वी टेबलाची कड घट्ट धरून छताकडे बघत होती.

मी तिच्या कानाशी वाकले. "पिल्वी, चिमटा घेतला तेव्हा सौनात असतीस तर कुठल्या बाकावर?"

"सगळ्यात वरच्या." सौना म्हणजे आमची वाफेची खोली; जितका वरचा बाक, तितकं जास्त भाजतं.

"तापल्या दगडांवर अजून पाणी ओतू दिलं असतंस?"

तिने डोळे मिटले. "छे हो. केव्हाच दार उघडून पळाले असते."

सौनातून आधी बाहेर पडणं ही आमच्याकडे नामुष्की. ती कबूल करणारी बाई खोटं बोलत नाही. रेइमाने हात मागे घेतला.

मी पाठीतल्या नळीतून आणखी औषध सोडलं. एक मिनिट. दोन. ठोके एकशे दहा, मग एकशे चार. तिसऱ्या मिनिटाला रेइमा म्हणाला, "आणखी खाली गेले तर मी विचारायला थांबणार नाही." चौथ्या मिनिटाला त्याने पुन्हा चिमटा घेतला, चांगला जोरात.

"चिमटा कधी घेणार?" पिल्वीने विचारलं.

"घेऊन झाला," मी म्हणाले, आणि मला हसूच फुटलं.

थोड्याच वेळात मुलगा असा काही बोंबलला की आत्सो मटकन स्टुलावर बसला. मुलाला छातीशी घेऊन पिल्वी मला म्हणाली, "तुम्हाला उगाच खोळंबवलं मी. तुमचं बाळंतपण कसं झालं होतं?"

"चाललं की," मी म्हणाले.

तिने मान मागे टाकून माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या बाकावर?"

रेइमा टाके घालत होता. तो ऐकतोय हे मला कळत होतं.

"वरच्या," मी म्हणाले. "आणि दार कुणीच उघडलं नाही."