मान लोटल्याशिवाय सूर वाकत नाही

सुदर्शन मुदखेडचा. लातुरात एका क्लासमध्ये तो फिजिक्सचा डाऊट सर होता, म्हणजे मोठे सर शिकवून गेले की पोरांच्या ज्या शंका उरतात त्या निस्तरणारा. काम फार, मान कमी. त्यात या बहाद्दराला नाद लागला शूगेझचा. हे गिटारीचं परदेशी वाजवणं. वाजवणारे मान खाली घालून आपल्याच बुटांकडं बघत उभे राहतात, म्हणून हे नाव. गाणारा काय म्हणतोय ते कुणाच्या बापाला कळत नाही, पण सगळा आवाज धुक्यात डुलल्यासारखा खालीवर होतो आणि ऐकणाऱ्याचं काळीज त्याच्यासंगं डुलतं. सुदर्शनचं तर पार कामातून गेलं होतं.

हा डुल काढायला गिटारीला एक दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडतात. सुदर्शनच्या गिटारीला दांडी नव्हती. आता गड्यानं गप बसावं की नाही? नाही! त्यानं वर खुंट्यांजवळ तारा बोटानं दाबून पाहिल्या, तर सूर नुसता चिरकून वर गेला. दोन तारा मुद्दाम जराशा बेसूर लावल्या, तेव्हा लाटा उठल्या, पण जागच्या जागी. शेवटी त्यानं गिटार पोटाशी घट्ट धरली, मोकळ्या तारा छेडल्या आणि डाव्या तळव्यानं गिटारीची मान हळूच पुढं लोटली. सूर खाली गेला. हात काढला, परत आला. सुदर्शन एकटाच खोलीत "आयला!" म्हणाला.

त्या भरात त्यानं स्पीकर खिडकीत ठेवला आणि आवाज वाढवला. इथं चुकलं.

खिडकीखाली अंगणात पत्र्याचं शेड होतं आणि शेडात घरमालकीण गुरम्माआजी. घर चांगलं दोन मजली, खोल्या सगळ्या क्लासच्या पोरांना दिलेल्या, आणि मालकीण पत्र्याखाली. किल्लारीच्या भूकंपात तिचा नवरा आणि लेक नीला घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडले गेले. तेव्हापासून बाई पक्क्या छताखाली निजली नव्हती. उशाशी स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचून ठेवायची. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की पळायचं. इतक्या वर्षांत ते फक्त मांजरानं पाडले होते.

सुदर्शनच्या डुलानं पत्रे थरथरले, पेले खणखणत पडले आणि गुरम्माआजी अनवाणी रस्त्यावर. "भुकंप! लेकरांनो, भाईर निघा रं!" पोरं पुस्तकं घेऊन पळाली, एकजण टॉवेलवर पळाला. शेजारचे अजीजभाई तर आपल्या म्हाताऱ्या आईला, खातूनबींना, उचलूनच बाहेर आले. सगळी गल्ली जीव मुठीत धरून उभी, आणि वर खिडकीत आमचे सर डोळे मिटून डुलतायत.

खरं काय ते कळलं तशी आजी आधी रडली, मग भडकली. "सर, एक तर त्ये लाकूड सोडा न्हाई तर खोली सोडा. मेलेल्या माणसाला किती बारी मारता?"

सुदर्शन मेल्याहून मेला. खोली दुसरी मिळाली असती, पण या बाईला आपण पुन्हा त्या माळवदापाशी नेऊन उभं केलं, हे त्याला सोसेना. दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन शेडात गेला.

"आजी, एकदा तुम्ही लोटून बघा. मग टाकून देतो."

आजीनं नाक मुरडलं, पण गिटारीच्या मानेवर तळवा ठेवला. त्यानं तार छेडली, तिनं लोटलं, सूर खाली गेला. दचकून तिनं हात काढला, तर सूर वर आला.

"परत येतंय व्हय?"

"येतंय की. हात काढला की येतंयच."

आजीनं पुन्हा लोटलं. मग लोटतच राहिली. "खाली जातंय, अन् परत जागंवर येतंय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग ठरलं: वाजवायचं, पण आधी वरून ओरडून सांगायचं.

बघता बघता आजीला त्या थरथरीचं वेडच लागलं. एखाद्या दिवशी सर दमून आले की, "आज न्हाई का हालवायचं?" म्हणून खालून हाक यायची.

मग एका रविवारी पोरं सगळी टेस्टला गेलेली. सुदर्शन खाटेवर बसून मोजे चढवत होता. जमिनीतून मालगाडी गेल्यासारखा आवाज आला, खाट सरकली, भिंतीला टेकवलेली गिटार धाडकन आडवी झाली. एका पायात मोजा, तसाच तो जिन्यावरून धडपडत खाली आला.

शेडात पेले विखुरले होते. आजी त्यांच्यामध्ये बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आज वरडायचं इसरलाव, सर," ती म्हणाली. "पण लई झ्याक निघालं बगा. पार बुडातून."

"आजी, उठा, हे..." सुदर्शन सांगायला लागला.

भिंतीपलीकडून अजीजभाईंचा आवाज आला, "आजी, भाईर या! भूकंप हाय!"

"गप बसा ओ," आजी हसून ओरडली, "आमचे सर हायत त्ये!"

अजीजभाई भिंतीवरून डोकावले. "काय सर, तुमीच का?"

सुदर्शननं आजीकडं पाहिलं. ती निवांत दाणे काढत होती.

"हाव," तो म्हणाला. "मीच."

"मग जरा हळू वाजवत जावा की," अजीजभाई म्हणाले, आणि अम्मीला परत घरात घेऊन गेले.