अस्गरच्या डोकेदुखीचे तीन आरोपी

आपली अर्धशिशी कशाने उठते, हे कोपनहेगनमधल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं पियानो सुरात लावणाऱ्या अस्गरचं ठाम मत होतं. जुनं चीज, पश्चिमेचा वारा आणि बायकोची, म्हणजे बेन्टेची, शिट्टी. त्यापायी बेन्टेने सतरा वर्षं चीज घरात आणलं नव्हतं, आणि शिट्टी वाजवायची ती सायकलवर, दोन गल्ल्या लांब गेल्यावर.

इस्पितळात अर्धशिशीवरच्या संशोधनासाठी औषध देऊन मुद्दाम ती उठवतात, त्यासाठी माणसं हवीत असं कळल्यावर अस्गर ही यादी घेऊनच गेला.

"डॉक्टरांना दे. त्यांची मेहनत वाचेल," तो विबेके नर्सला म्हणाला.

तिने वाचलं. "यातलं एखादं मुद्दाम करून पाहिलंस कधी?"

"वेड लागलंय का? डोकं दुखेल ना!"

वीस मिनिटं सलाइनमधून औषध गेलं. मग विबेके दर दहा मिनिटांनी विचारायची, "शून्य ते दहा, किती?"

"शून्य. इथे ना वारा, ना चीज. दुखेल कसं?"

दुपारी जांभया सुरू झाल्या. मग डाव्या डोळ्यामागे घण बसू लागले.

"किती?"

"आठ. दिवा घालव, बाई."

भांड्यात ओकता ओकता त्याने सवयीने कान टवकारले. शिट्टी कुठेच नव्हती. बेन्टे बारा किलोमीटरवर कामावर होती.

विबेकेने नेहमीचं औषध दिलं. उतार पडल्यावर तो टॅक्सीने घरी गेला आणि बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी निर्दोष?"

"अजून सिद्ध झालेलं नाही," तो जमेल तितक्या रुबाबात म्हणाला.

शनिवारी त्याने खिडकी उघडून वारा घरात घेतला आणि राईच्या पावावर चीज थापून खाल्लं. बेन्टेने तासभर मनसोक्त शिट्टी वाजवली. अस्गर डोकं धरून वाट बघत बसला. रविवार गेला, सोमवार गेला. काही होईना, तसा तो चक्क हिरमुसला.

"दुखत नाही म्हणून रडणारा पहिलाच नवरा बघतेय मी!" बेन्टे म्हणाली.

गुरुवारी मात्र दुखलं. वारा पडलेला, चीज संपलेलं, बेन्टे मुकाट पेपर वाचत होती. अस्गरने सवयीने तोंड उघडलं, पण कुणाचं नाव घ्यावं ते सुचेना.

"दुखतंय गं," एवढंच तो म्हणाला.

बेन्टेने पडदे ओढले आणि ओला रुमाल घेऊन त्याच्या उशाशी येऊन बसली.